डिस्कला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करावी म्हणून मी त्याचा डबा उघडून आतून फडक्यानं पुसला, डिस्कला कुंकू लावलं, आणि तेव्हापासून काहीही डाउनलोड करायला घेतलं की निम्म्यात ‘डिस्क एरर’ येऊन तो बंद पडू लागला. बायकोला भाचीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ बघायचा होता. मी मात्र “फाईलच खराब आहे” असं ठणकावून सांगत होतो. रविवारी जयसिंगपूरहून साडूभाऊ जेवायला आले. त्यांनी डबा उघडला, सैल झालेली वायर दाबून बसवली आणि कुंकवाकडे बघून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “पावणं, वर नारळ फोडला न्हाय ते बरं केलासा!” व्हिडिओ सरळ उतरला. “दाजी, तुमच्या हाताला यश हाय,” म्हणत बायकोनं मटणातली नळी, जी लग्नापासून माझ्याच ताटात पडायची, ती त्यांना वाढली. तांबडा रस्सा त्या दिवशी मला नुसताच तिखट लागला. आजही त्यांची गाडी दारात थांबली की माझ्या पोटात दुखतं. पण त्या दिवशी ते गेल्यावर भांडी आवरताना बायको म्हणाली होती, “ताईच्या घरातला कॉम्प्युटर उन्हाळ्यापासनं बंद हाय, आणि दाजींना तिथं हात लावायला येळ न्हाय. तुम्ही बिघडवता, पण आपल्या घरात बसून बिघडवता की!”