खाऱ्या टाकीत गोडं पाणी

कोरपन्याच्या रस्त्यावर एक लॉज आहे. काउंटरमागे काचेची भलीमोठी टाकी आणि तिच्यात समुद्राचे मासे. आता बोला! समुद्र कुठी, कोरपना कुठी! पण मालकाची हौस. टाकी सांभाळायचं काम लटारूकडे. गड्यानं जन्मात समुद्र पाह्यला नव्हता, तरी पाकिटातलं मीठ कालवून तो समुद्र तयार करायचा.

खारं पाणी सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. माशांची घाण, उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात नायट्रेट चढतं. ना दिसतं, ना वास येतो. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकून हलवायचं. पिवळं राह्यलं तर निभलं, लाल झालं तर थोडं पाणी काढून मशीनचं शुद्ध पाणी भरायचं.

तेच मशीन बंद पडलं. लटारू म्हणे, "मशीन कायले पाह्यजे? माही विहीर हाये ना!" त्याच्या कपाशीच्या वावरातली विहीर गावात गोडी विहीर म्हणून मिरवायची. बाळंतिणीला पाणी द्यायचं तर तिथलंच. काठाला शेणाचा उकिरडा, बाजूला युरियाची पोती, पण तिकडं कोण पाहते! लटारूनं गाडीला कॅन बांधले नि टाकीत तेच पाणी भरायला लागला.

घरी लेक साधना पहिल्या बाळंतपणाला आली होती. दूध पुरत नव्हतं, म्हणून अंजनाबाई, लटारूची बायको, नातवाला डब्याचं दूध पाजायची. पाणी अर्थातच विहिरीचं. पोट्टं मलूल होत चाललं होतं, रडायलाही जोर नव्हता. ओठ जांभळट दिसले तर अंजनाबाई म्हणाली, "थंडी बाधली, दुसरं काई नाई." आणि तिनं आणखी एक दुपटं गुंडाळलं.

इकडं टाकीतलं पाणी लालच. लटारूनं खाणं तोडलं, वाळू धुतली, पाणी बदललं. जितकं बदललं तितकं जास्त लाल. नारिंगी मासा तळाशी पडून धापा टाकत होता. मालक टोमणा मारून गेला, "तुही विहीर नासकी तं नाई ना बे?" लटारूचं टाळकं सटकलं. विहिरीवर आळ? त्यानं रागारागानं कॅनमधलं कोरं पाणी, मीठ न घालता, नळीत घेतलं नि थेंब टाकले.

लालभडक.

त्यानं नळी खाली ठेवली. मग माशाकडे पाह्यलं. तशीच धाप त्यानं सकाळी घरी पाह्यली होती, दुपट्यात. अरे बापा! मालकाला न सांगताच त्यानं गाडीला किक मारली.

घरी चुलीवर पातेलं रटरटत होतं. साधनाच्या मांडीवर बाटली तयार. लटारूनं ती हिसकून अंगणात फेकली.

"काऊन हो, भूत लागलं का तुमाले?" अंजनाबाई ओरडली. "पोट्ट्याले बरं नाई म्हणून आज मुद्दाम अर्धं आटवलं पाणी!"

लटारू गार पडला. टाकीतलं पाणी उडालं की पाणीच जातं, मीठ मागंच राहतं, हे तो रोज पाहत होता. विहिरीतलं विषही तसंच पातेल्यात उरत असणार.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट्ट्याचं रक्त पाह्यलं. ते तपकिरी होतं; पाण्यातलं नायट्रेट तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू धरू देत नव्हतं. नाकाला ऑक्सिजन लावला, औषध चढवलं. साधना बाजूला पोट्ट्याची पावलं चोळत बसली होती. हळूहळू ओठांवर लाली उमटली, आणि पोट्टं एकदाचं खणखणीत रडलं. लटारूही रडला.

"पाणी कसं देत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अंजनाबाईनं पदर सावरला, ताठ बसली. "उकळून देतो जी. इतकुसा जीव, कसर कशाले ठेवू? जसजसं बरं नाई दिसलं, तसतसं मी जास्तच आटवलं."

डॉक्टरीणबाईंनी लटारूकडे पाह्यलं. बायकोला हे आता आपल्यालाच सांगावं लागणार, ते त्याला कळलं. त्यानं अंजनाबाईचा हात धरला.