सुभेदार आबांचा क्रोटन रंगवला आन मीच अडकलो

गड्यांनो, आज सोताच्याच खोडीत असा घावलोय की सुटायची वाटच दिसंना.

शेजारचं सुभेदार आबा फौजेतनं रिटायर झालेलं. कुंड्यांना गेरू लावायला त्यांनी मला सकाळी बोलावलं. त्यांच्या बायकोनं, म्हंजी काकींनी, लावलेला एक रंगीत पानांचा क्रोटन सावलीत ऱ्हाऊन पार हिरवागार झालावता. मला सुचली चेष्टा. कुंडी रंगवता रंगवता पानांवर बी गेरूचं पट्टं ओढलं.

वाटलं, आबा वराडतील आन मी पळीन. पण आबांना मोतीबिंदू हाय. ते लांबनं बघून खूशच झालं.

"अगं ए, भाईर ये! तुझ्या क्रोटनला रंग आला बघ!"

काकी आल्या. पानावरनं बोट फिरवलं, तर बोट लाल. आधी बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय वं, लय झ्याक आलाय," आबांना म्हणाल्या.

आबा आत गेल्यावर माझा कान धरला. "पुढच्या महिन्यात त्यांचं डोळ्याचं आपरेशन हाय. तवर ह्याला खरा रंग आला पायजे. कुंडी उन्हात ठिवायची, पाणी बुडात घालायचं, आन गेरू निघाला की गुपचूप परत लावायचा. रोज यायचं. कळलं का रं?"

आता मला सांगा, उन्हात ठिवल्यावर क्रोटनची नवी पानं किती दिवसात रंगत्यात? लवकर सांगा रं. आभाळ भरून आलंय आन मी कुंडीवर छत्री धरून हुबा हाय.