मंदाचं हॉस्पिटल

सुहासचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी जुडी तिथेच ठेवली आणि घरी आले. मंदाच्या किडन्या थकल्या होत्या, डॉक्टरांनी आडून आडून सगळं सांगितलं होतं... पण माणूस आपलं असलं की आधी माहीत असण्याचा काडीचा उपयोग होत नाही. आता महिना उलटला. शहाडपलीकडच्या तिच्या वस्तीतली माणसं अजून हळहळतात, "आपलं हॉस्पिटल झालं असतं तर ताई वाचल्या असत्या." तसं नव्हतं. ठाण्यात, चांगल्या डॉक्टरांच्या हाताखाली ती गेली. उगाच हळवं झालेलं मंदाला खपायचं नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. बाई चुकल्या तर बाईंनाही सांगणारी ही, त्यामुळे तिच्या शेजारी बसून मीही पुष्कळ अंगठे धरले. लग्न होऊन ती शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला राहायला गेली तेव्हा आम्ही मैत्रिणी तिला चिडवायचो, "सासर कसलं, ही तर हद्दपारी!" ती हसायची. मग एका दुपारी शेजारच्या मंजूला कळा सुरू झाल्या. नवरा कामावर, म्हणून मंदाच तिला घेऊन रिक्षात बसली. पुलावर गाड्या तुंबलेल्या, पुढे सरकायला जागा नाही. मंजू तिथेच बाळंत झाली. मूल रडलंच नाही. मंदाने त्याला स्वतःच्या ओढणीत गुंडाळलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली... काही झालं नाही. मंजू तेवढी वाचली. "रिक्षावाला मागे वळून म्हणाला, ताई, आता पुढं जाऊ का मागं फिरू? आणि मला उत्तर देता येईना गं," हे तिने मला कितीदा सांगितलं असेल! 

त्यानंतर ती निवडणुकीला उभी राहिली आणि आम्हा सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावून निवडून आली. पालिकेला नवं हॉस्पिटल बांधायचं होतं आणि दोन जागा होत्या. एक मोठ्या स्टेशनजवळ, शहराच्या मधोमध. दुसरी मंदाच्या वस्तीजवळचा, दवाखान्यासाठीच राखून ठेवलेला रिकामा भूखंड. स्टेशनवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तिकडे आडबाजूला डॉक्टर येणार कोण, पावसाळ्यात नदी चढली तर काय, हे प्रश्न खरेच होते. पण महासभेत मंदा उभी राहून म्हणाली, "जिथे डॉक्टर आहेत तिथे तुम्ही हॉस्पिटल बांधताय. जिथे पेशंट आहेत तिथे कधी बांधणार?" बाकं वाजली. विरोधकांनीसुद्धा वाजवली. आणि विषय तहकूब झाला, म्हणजे पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत पाहणी समिती नेमली. समितीने दोन्ही जागा पाहिल्या, दोन्हीकडे चहा घेतला आणि दोन्ही जागा चांगल्या असल्याचं कळवलं. पुन्हा तहकूब! "नाही म्हणाले असते तर भांडले असते गं," मंदा वैतागून म्हणायची, "पण हे नाही म्हणतच नाहीत. यांच्याशी भांडू तरी कशी?"

पुढे मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक आले आणि बोलायला सभागृहच उरलं नाही. इतकं मात्र झालं की त्या भूखंडापाशी थांबणाऱ्या शेअर रिक्षांच्या स्टॉपला लोक 'हॉस्पिटल' म्हणायला लागले. मी एकदा तिला भेटायला गेलेले तर शहाड स्टेशनबाहेर रिक्षावाला ओरडत होता, "चला, हॉस्पिटल, हॉस्पिटल, एक सीट!" उतरून बघते तर बाभळी, चार बकऱ्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं. मंदा न्यायला आली होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय, बांधून दाखवलं की नाही?" दोघी रस्त्यात उभ्या राहून पोट धरून हसलो. घरी पोचेपर्यंत तिचं हसू मावळलं होतं.

अखेर नवी सभा निवडून आली तेव्हा मंदा एक दिवसाआड डायलिसिसला जात होती. तिथूनच ती नव्या नगरसेवकांना फोन करायची. दम लागायचा, नर्स रागवायची. एके दिवशी ती मला म्हणाली, "अगं, येणाऱ्या सभेत विषय लागलाय. आणि या वेळी ठरवणार आहेत. मला नाही जमायचं, तू जाऊन बसशील? नुसतं काय ठरलं ते मला येऊन सांग." मी म्हटलं, "स्टेशनजवळचं ठरलं तर?" ती म्हणाली, "तर तिकडे होऊ दे. पण ठरू दे गं... एकदाचं काहीतरी ठरू दे."

सभेच्या आधीच ती गेली. सांगायला कुणी उरलं नव्हतं, तरी शब्द दिला होता म्हणून मी गेले आणि प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. विषयपत्रिकेवर हॉस्पिटल पहिलंच होतं. कामकाज सुरू झालं आणि एक ज्येष्ठ नगरसेवक उठले. त्यांनी माजी सदस्या म्हणून मंदाचं नाव घेतलं, शोकप्रस्ताव मांडला. तिच्याबद्दल फार चांगलं बोलले, मनापासून बोलले. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मीही उभी राहिले, डोळे मिटले. आणि पीठासनावरून आवाज आला, "दिवंगत सदस्येच्या सन्मानार्थ आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि ओरडावंसं वाटलं, अहो, तिला हा मान नको, तिचा विषय घ्या! पण सज्जात बसणाऱ्याला बोलायची परवानगी नसते आणि चुकलं तरी कुणाचं होतं? सभासद गेला की सभा तहकूब करायची, ही रीतच आहे. खुर्च्या सरकल्या, माणसं पांगली. जिन्यात एक तरुण नगरसेविका भेटली. मंदा ज्यांना फोन करायची त्यांतलीच असावी. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. माझा हात धरून म्हणाली, "काकू, ताईंसाठी आम्हाला एवढं तरी करायलाच हवं होतं ना?"

मी हो म्हटलं.