दाखवायला काढलेली बोट

रविवार, दोन नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, सकाळी सव्वाआठ. नवी मुंबईत सारसोळ्याच्या जेट्टीवर मी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा होतो. शेजारी पत्नी होती. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होते आणि डाव्या हातात एक पिशवी. पिशवीत काय आहे ते मी तेव्हाच विचारायला हवे होते.

आमची शिडाची बोट समोर खाडीत नांगरलेली होती. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात आम्ही दोघे तिच्यातून लक्षद्वीपला जात असू आणि पावसाळ्यापूर्वी परतत असू. गेल्या मार्चमध्ये तिकडच्या एका बेटाजवळ नांगराची साखळी ओढताना पत्नीचे मनगट मोडले. ते जुळले, पण वाकडे. तेव्हा आमच्यात ठरले की बोट विकायची. मात्र उत्तरेचा वारा धरेपर्यंत विकली गेली नाही, तर आणखी एक हिवाळा जायचे, कारण वर्षभर खाडीच्या चिखलात उभी राहिलेली बोट पुढे कोणी फुकटही नेत नाही. ही अट माझी होती. तिने ती मान्य केली होती. आता वारा फिरला होता आणि गिऱ्हाईक हे एकच होते.

गिऱ्हाईक म्हणजे खारघरचे एक तरुण जोडपे. त्याने बेटांवरचे व्हिडिओ पाहिले होते. बोट नीट दिसायच्या आधीच तो म्हणाला, "काका, एकदम भारी आहे हो!" त्याची बायको होडीत कुठे बसायचे ते पाहत होती. सारसोळ्याच्या एका कोळ्याने आम्हा चौघांना आपल्या होडीतून पोचवले आणि होडी बाजूला बांधून तो तिच्यातच बसून राहिला.

आदल्या आठवड्यात मी ती बोट एकट्याने घासून काढली होती. वापराची प्रत्येक वस्तू नजरेआड केली होती: बादल्या, कपडे वाळत घालायची दोरी, भांडी पुसायची फडकी, संडासाचा पंप दुरुस्त करायची हत्यारे. गिऱ्हाइकाला बोट दाखवावी, संसार दाखवू नये, असे माझे मत होते.

केबिनमध्ये उतरताच पत्नी म्हणाली, "अहो, बादल्या कुठे गेल्या?"

"आत आहेत."

"आत कुठे? या मुलीला दाखवायला नकोत?"

तिने एकेक कप्पा उघडला आणि माझे आठवड्याचे काम गाद्यांवर मांडले. "ही लाल बादली समुद्राच्या पाण्याची. अंघोळ हिच्यात. मग वरून दोन तांबे गोडं पाणी. केस धुवायचे असले तर तिसरा तांब्या, पण तो ह्यांना विचारून."

"विचारून?" मुलगी म्हणाली.

"टाकीवर पहारा असतो ना ह्यांचा."

तरुण हसला. मी हसलो नाही. पाणी संपले की सगळे माझ्याकडेच पाहतात, हे तिने सांगितले नाही.

"आणि काकू, कपडे?" मुलीने विचारले. "छोटं वॉशिंग मशीन वगैरे बसेल का?"

"बसेल की. इतकी वर्षं मी बसलेच होते."

मग पिशवीतून पोहे, कांदे आणि शेंगदाणे निघाले. शेगडी झुलती, म्हणजे बोटीबरोबर न कलणारी आहे, हे मुलीला प्रत्यक्ष कळावे, म्हणून पत्नीने फोडणी टाकली. नेमकी त्याच वेळी बाहेरून एक मोठी मालवाहू बार्ज गेली आणि बोट कलली. पत्नीने कढई डाव्या हाताने धरली. "हा पट्टा बघ. ह्याने स्वतःला ओट्याशी बांधून घ्यायचं. नाहीतर फोडणी अंगावर."

तरुण जिन्यावरून म्हणाला, "पण काकू, बेटावर पोचलं की आराम ना? बीच, शहाळी..."

"बेटावर पोचलं की हे इंजिनात डोकं घालून बसतात. मी डिझेलचे कॅन आणते, शिडाला टाके घालते, भाजी शोधते. कोबी मिळाला की आमची दिवाळी."

"मासे तर ताजे मिळत असतील!"

"मिळतात. साफ कोण करणार ते इथूनच ठरवून जा."

मी पत्नीला वर बोलावले. आवाज खाली जाणार नाही इतपत बोललो. "अगं, बोट विकायची आहे ना?"

"विकायचीच आहे."

"मग हे काय चाललंय?"

"ती विचारतेय. खोटं सांगू तिला?"

"सगळंच सांगायला हवं का? ही दोघं गेली तर डिसेंबरात आपल्याला निघावं लागेल. तुझा हात असा. ठरलंय ना आपलं?"

"काय ठरलंय ते मला माहितेय. पोहे लागतील खाली." ती गेली.

जिच्यासाठी मी बोट विकायला काढली, तीच गिऱ्हाईक परतवत होती. आणि तेही पोहे खायला घालून.

मी खाली आलो तेव्हा मुलीने बशी बाजूला ठेवली होती. "काकू, एक विचारू? एवढं सगळं असतं, तर मग तुम्ही दर वर्षी जाता कशाला?"

पत्नी कढई पुसत होती. "हे एकटे गेले असते," ती म्हणाली.

त्यात तक्रार नव्हती. बादल्यांविषयी सांगितले, त्याच सुरात तिने हे सांगितले. मुलीने वर जिन्याकडे पाहिले.

"मी नाही हं एकटा जाणार," तिचा नवरा म्हणाला. त्याला कोणी काही विचारले नव्हते.

बाहेरून कोळ्याने हाक दिली, "काका, पानी उतरतंय! आता निंगा, नायतर चिकलातून चालत जाल. मी नाय कोनाला खांद्यावर घेनार!"

दुपारी तरुणाचा फोन आला. बोट एक नंबर आहे, पण त्यांचे जरा बोलणे झाले आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू, वगैरे. मी फोन ठेवला आणि पत्नीला सांगितले, "नाही म्हणाले."

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी घरभर डाळ भाजल्याचा वास आला. ती मेतकुटाची तयारी करत होती. बोटीवर आमचे अर्धे जेवण मेतकूट-भातावर होते आणि निघण्यापूर्वी हिवाळाभराचे मेतकूट ती घरीच करते. झारा डाव्या हातात होता. उजव्या हाताने कढईचा कान धरता येत नव्हता, म्हणून ती कोपराने कढई टेकवू पाहत होती.

"हे कशाला?" मी विचारले.

"कशाला म्हणजे? डिसेंबर काय लांब आहे? एपीएमसीत जाऊन कांदे-बटाटेही बघायला हवेत. मागच्या वेळी तुम्ही आणलेल्यांना वाटेतच कोंब आले."

ती मला टोमणा मारत नव्हती. मारला असता तर मला उत्तर देता आले असते.

"जायचं नाही," मी म्हणालो.

"ठरलं होतं आपलं."

"होतं."

"बोट कुजेल."

"कुजू दे."

झारा थांबला. "आणि तुम्ही? एकटे निघायचा विचार आहे का?"

"नाही."

ती भडकली. "सकाळी एक, संध्याकाळी एक! मला विचारायची काही पद्धत आहे की नाही या घरात? अर्धी डाळ भाजून झाली! एवढ्या मेतकुटाचं आता करू काय, सोसायटीत वाटू?"

मी तिच्या हातातून झारा घेतला आणि गॅस बारीक केला. ती स्टूल ओढून बसली. उडीद लाल करू नका, म्हणाली. मी उरलेली डाळ भाजली, उडीद भाजले, तांदूळ भाजले आणि सगळे जुन्या वर्तमानपत्रावर गार व्हायला पसरून ठेवले.