दारव्हा रोडवरचा मिस्त्री

बाळा, जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये चारही चाकांना जोर असलेली घ्यावी की फक्त मागच्या चाकांना, असं तू विचारलंस, आणि मला दारव्हा रोडवरचा एक मिस्त्री आठवला. कापसाच्या त्या वाईट वर्षांत फवारणीची विषबाधा झालेल्यांसाठी तुझ्या डॉक्टर आजोबांना खेड्यांतून सारखी बोलावणी येत. ते परत येईपर्यंत मी फाटकाशी येरझाऱ्या घालत असे.

चारही चाकांच्या जुन्या जीपवर आजोबांचं मन बसलं होतं. घेण्याआधी ती तपासायला आम्ही मिस्त्रीकडे नेली, तर त्याने बॉनेट उघडलंच नाही. त्याने आजोबांना ओल्या काळ्या मातीत जीप पळवून ब्रेक दाबायला लावला. जीप घसरत बाभळीला टेकली.

मिस्त्री तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सारून म्हणाला, "डॉक्टरसाब, चार चाकं चिखलातून काढतीन. थांबाले मात्र टायरच लागते."

आम्ही फक्त मागच्या चाकांना जोर असलेली स्वस्त जीप घेतली आणि वाचलेल्या पैशांत नवे टायर टाकले. ती दोनदा चिखलात फसली, पण आजोबा दरवेळी घरी आले.

तू पाहिलेल्या गाडीचे टायर किती जुने आहेत, ते आजच कळव.