एका टोकाला दहा, दुसऱ्या टोकाला एक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्से मी जेवणानंतर वाचतो, करमणूक म्हणून. नेटवर्क इंजिनियर माणूस मी. पोर्टचा दिवा लागला तर लिंक आहे, नाही लागला तर नाही... एवढीच माझी श्रद्धा. तरीही हे लिहितोय.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एका ट्रस्टचा दवाखाना आहे; तिथलं नेटवर्क मी बघतो. बोळाच्या अलीकडे जुनी इमारत, पलीकडे नवी, मधून फायबरची केबल. नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्षांना ‘दहा जीबी स्पीड’ म्हणायचं होतं. म्हणून कॉन्ट्रॅक्टरने मला न विचारता नव्या इमारतीतलं एक जीबीचं मॉड्यूल काढून दहाचं बसवलं. मॉड्यूल म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारी बोटाएवढी डबी. जुन्या इमारतीत एक जीबीचंच राहिलं; ते स्टेजवरून दिसत नव्हतं. शाल, श्रीफळ, टाळ्या... आणि दोन इमारतींमधली लिंक बंद.

तांब्याच्या केबलला दोन्ही टोकं आपसात बोलून वेग ठरवतात. या मॉड्यूलांना ते जमत नाही. दोन्हीकडे एकच वेग हवा, नाहीतर अंधार.

त्याच दुपारी मैंदर्गीहून माझ्या मामांना आणलं. दुकानात पडून डोक्याला मार लागला होता. स्कॅन नव्या इमारतीत झाला, इंटरनेट जुन्या इमारतीत, आणि मेंदूचे डॉक्टर पुण्यात. ऑपरेशन इथेच करायचं की पुण्याला हलवायचं, हे ते स्कॅन बघून सांगणार होते. मशीनला पेनड्राइव्ह चालत नव्हता, स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना चालत नव्हता. जुनं मॉड्यूल खिशात घालून कॉन्ट्रॅक्टर बार्शीला गेलेला.

मी नव्या इमारतीतल्या रॅकसमोर बसलो होतो. मागे मामी.

“काय झालंय रं सिद्दू?”

“हे टोक दहापट जोरात बोलतंय, मामी. पलीकडचं सावकाश. एकमेकांचं कळत नाही.”

“एवढंच व्हय? आमच्या दुकानात गिराईक कानडीत इचारतंय, तुजा मामा मराटीत सांगतोय. कुटं अडतंय?”

“माणसांचं वेगळं असतं.”

“मग सांग की त्याला, मामा हाय म्हणून!”

सांगितलं नाही, अर्थात. नुसती केबल काढून पुन्हा लावली, सवयीने.

हिरवा दिवा लागला.

मी मॉड्यूलवरचं लेबल वाचलं. दहा. जुन्या इमारतीत फोन करून तिथलं वाचायला लावलं. एक. “पण दिवा लागलाय की सर,” पलीकडून आवाज आला. स्कॅन गेला. पुण्याहून फोन आला — हलवू नका, तिथेच करा, आत्ता. मामांना आत नेलं आणि मी रॅककडे परतलो. दिवा विझलेला.

मामा वाचले. आता गल्ल्यावर बसून पथ्याच्या नावाने बोटं मोडतात. अध्यक्षांनी पुढच्या भाषणात श्रेय दहा जीबीला दिलं. तेवढी चूक त्यांना माफ.

दोन्हीकडची नवी मॉड्यूलं येईपर्यंत मी तसंच जोडून कितीदा पाहिलं. लेबल चुकीचं असेल म्हणून तेही तपासलं, बरोबर होतं. ती जोडी आता माझ्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये टेबलावर आहे. अधूनमधून दोन नेटवर्क स्विचना लावून बघतो. दिवा लागत नाही.

मामी म्हणते, “आता कशाला लागंल? मामा बरा हाय की.”

हे उत्तर नाही, हे मला कळतं. तरी ती जोडी मी टाकून देत नाही.