कासव झालेली मेघा

आज माझ्या लेकीच्या, मेघाच्या कॉलेजातल्या मैत्रिणी घरी फाशांचा खेळ खेळायला आल्या. त्यात आधी आपण कोण व्हायचं ते निवडतात, मग एक जण गोष्ट सांगत जाते आणि आपलं जमलं की फसलं ते फासा ठरवतो. कोणी टोकदार कानांची देखणी परी झाली, कोणी तलवारवाली. मेघा कासवमाणूस झाली.

"कासव कोण घेतं गं? हे कधी पोचायचं?" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. स्वयंपाकघरात माझा हात थांबला. मेघा माझ्यासारखीच, चारचौघांत बोलत नाही. आता उठून आत येईल, असं वाटलं.

ती उठली नाही. पुढे खेळातल्या गोष्टीत उघड्या माळावर गारांचा मारा सुरू झाला. लपायला झाडही नव्हतं. मेघा हळूच म्हणाली, "माझ्या पाठीखाली या."

"सगळ्या मावू?"

"चिकटून बसलात तर."

फासा हवा तसा पडला आणि सगळ्या वाचल्या. "कासवाला सोडायचं नाही हं आता," मघाशी कासवाला नावं ठेवणारी तीच मुलगी म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मीही जन्मभर पाठीवरच्या घरात लपले, पण एकटीच. तिथं दुसऱ्यालाही बोलावता येतं, हे मला सुचलं नव्हतं. मी दारात जाऊन उभी राहिले, तर मेघानं सरकून मला जागा केली.